पौषातली आखाजी

मंडईत भरताची वांगी आली की मी दोन गोष्टी बघते. देठ हिरवा आहे का, आणि वांगं तळहातावर घेतल्यावर हलकं लागतं का. आकाराने मोठं आणि वजनाला हलकं म्हणजे आत बिया कमी. या दोन परीक्षांत उतरेल तेच पिशवीत जातं. वांगीवाला मला ओळखतो. मी दिसले की म्हणतो, "ताई, तुमचं निवडून होईस्तोवर हिवाळा संपायचा." यंदा मी पहिलंच वांगं तोललं आणि तसंच परत ठेवलं. हाताला दुसरंच काही आठवलं होतं. प्लॅस्टिकची कैरी. तीही अशीच मोठी, हिरवी आणि हलकी होती.

दोन हिवाळ्यांपूर्वी सोनगीरजवळच्या आमच्या गावात, माझ्या माहेरी, पौष महिन्यात आखाजी झाली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. ती वैशाखात येते हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भर उन्हाळा, लग्न झालेल्या मुली माहेरी आलेल्या, निंबाला झोके, घरात आमरस आणि सांजोऱ्या. ही आखाजी मात्र सिनेमाची होती. उन्हाळ्यात नायिकेला आमच्याकडचं ऊन सोसणार नाही, म्हणून ती पौषात उरकायची ठरली. झाडाला कैऱ्या नव्हत्या, म्हणून खोक्यातून प्लॅस्टिकच्या कैऱ्या आल्या आणि एक माणूस शिडीवर चढून त्या तारेने बांधत बसला. खाली मी वही घेऊन उभी होते. कैऱ्या बेचाळीस, असं मी लिहून घेतलं.

माझं नाव शोभा. जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं झाली. कोणती बाटली कोणत्या फळीवर, कोणत्या ब्युरेटचा टवका उडालेला, कोणता तराजू दुरुस्तीला गेलेला, हे सगळं माझ्या रजिस्टरात असतं. घरीही माझ्या याद्या चालतात. फ्रिजवर एक, देव्हाऱ्यामागे एक, पर्समध्ये दोन. आमचे 'हे' पोस्टात आहेत. ते म्हणतात, "हिची यादी हरवली तर ती शोधायचीसुद्धा हिच्याकडे यादी असेल."

ऋतुजा नावाची सहायक दिग्दर्शिका जुनी काचसामग्री बघायला आमच्या प्रयोगशाळेत आली होती. पंचावन्न वर्षांपूर्वीची प्रेमकथा करायची होती त्यांना. तिने माझं रजिस्टर चाळलं आणि म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या कंटिन्युइटीला हव्यात." मग तिने समजावून सांगितलं. एकच प्रसंग चार दिवस तुकड्यातुकड्यांनी, उलटसुलट चित्रित होतो. पहिल्या तुकड्यात पदर डाव्या खांद्यावर असेल तर चौथ्या दिवशीही तो तिथेच हवा. ग्लासातलं पाणी, कपाळावरचं कुंकू, हातातल्या बांगड्या, सगळ्याची नोंद ठेवायला एक माणूस लागतो. मी अठरा दिवसांची रजा टाकली. आणि त्याच भेटीत, चहा पिताना, कोणी विचारलं नसताना, मी तिला अक्काची गोष्टही सांगितली.

अक्का नात्याने माझी आत्या, पण सगळं गाव तिला अक्का म्हणतं म्हणून मीही. लग्न होऊन ती एरंडोलकडे गेली आणि पहिल्या आखाजीला माहेरी आली. भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला आणायला गेला होता. माहेरवाशिणीला घेऊन येणाऱ्याला आम्ही मुऱ्हाळी म्हणतो. आठ दिवस ती झोक्यावर बसली. नवव्या दिवशी सासरची बैलगाडी दारात आली, तेव्हा ती झोक्यावरून उतरली आणि सगळ्या भाऊबंदांसमोर वडिलांना म्हणाली, "माले जानं नही."

मला जायचं नाही. तीन शब्द. घरातली भांडी थांबली म्हणतात. गाडी रिकामी परत गेली. पुढे काडीमोड झाली, आणि चार वर्षांनी अक्काने गावातल्या शाळेच्या मास्तरांशी लग्न केलं. मास्तर तिच्या मनात आधीपासून होते का, हे मी तिला एकदा विचारलं होतं. ती तांदूळ निवडत म्हणाली, "व्हतात. पन ते त्यासले बी माहीत नव्हतं." मास्तरांनी लग्नानंतर तिला सातवीच्या परीक्षेला बसवलं. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली.

सिनेमासाठी त्यांना हीच गोष्ट हवी झाली, म्हणून ऋतुजाला आणि दिग्दर्शकाला घेऊन मी अक्काकडे गेले. तिने सगळं सांगितलं, हातातलं काम न थांबवता. शेवटी म्हणाली, "सिनेमा करा. पन जे व्हतं तेच दखाडा. मन्हं बोलनं मन्हाच तोंडमा ऱ्हावू द्या."

दिग्दर्शक माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, "म्हणतात, त्यांचं बोलणं त्यांच्याच तोंडी राहू द्या."

"अर्थातच," तो म्हणाला.

अक्काने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाली, "तू शे ना तठे?"

"मी आहे ना, अक्का. वही घेऊन."

त्या हिवाळ्यात आमच्या गावात पहाटे पाण्याला हात लाववत नव्हता. नायिका मुंबईची, गुणी मुलगी होती. अंगात पातळ सुती लुगडं. झोक्यावर बसून तिने म्हणायचं होतं, "काय बाई हा उकाडा!" आणि तोंडातून वाफ निघायची. मग वाफ दिसू नये म्हणून तिला बर्फाचा खडा चोखायला देत. थंडीत बर्फ चोखायचा आणि उकाड्याबद्दल बोलायचं. ओट्यावर बसलेल्या अक्काला राहवलं नाही. "हाई पोरले थंडी वाजी ऱ्हायनी, तिले पांघराले द्या काहीतरी!" ध्वनिमुद्रण करणारा ओरडला, "आजी, प्लीज!" अक्काने आपली शाल काढून मुलीला दिली आणि म्हणाली, "आते बोल." आता बोल.

पण खरा घोटाळा झोक्याच्या मागे होता. मागे गहू उभा होता, हिरवागार. त्याच्यापलीकडे हरभरा, आणि बांधाला लागून फुटलेली कपाशी, पांढरीशुभ्र. आखाजीला आमच्याकडे रान कसं असतं? नांगरून पडलेलं, काळं, ढेकळांचं. गहू कापून, मळून घरात आलेला असतो. त्या काळ्या रानावर दुपारी जी झळ नाचते तीच तर आखाजी.

मी दिग्दर्शकाला सांगितलं, "सर, मागे गहू दिसतोय."

"छान दिसतोय ना?"

"आखाजीला गहू नसतो."

तो हसला. चेहऱ्याने गोड होता, त्याला राग येत नसे. "ताई, कोण बघतंय?"

मी वहीच्या समासात एक रेघ मारली. पुढे मी सांगत गेले, तो तेच म्हणत गेला. बांधावर ठिबकच्या काळ्या नळ्या आहेत, त्या काळात ठिबक नव्हतं. कोण बघतंय? झोक्याला नायलॉनचा दोर आहे. कोण बघतंय? नायिका माहेरी एकटी बॅग घेऊन येते, मुऱ्हाळी कुठे आहे? कोण बघतंय, ताई? अठरा दिवसांत समासात अकरा रेघा झाल्या. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. आता त्या रेघा बघितल्या की वाटतं, तो आपल्याबद्दलच बोलत होता. जळगाव, धुळे, इथली माणसं, ज्यांना गहू कधी कापतात ते माहीत आहे, ती त्याच्या हिशेबी कोणीच नव्हती.

तरी एक कबूल करते. ते दिवस मला आवडले. ऋतुजा लांबून हाक मारायची, "शोभाताई, बांगड्या?" मी वही न बघता ओरडायचे, "डाव्यात सहा, उजव्यात पाच! एक कालच्या सीनला फुटली!" आणि चाळीस माणसं माझ्या शब्दावर थांबायची. अठ्ठावीस वर्षांत प्रयोगशाळेत माझ्या शब्दावर कोणी थांबलेलं नाही.

सिनेमा यंदा थंडीच्या सुरुवातीला लागला. आम्ही दोघं जळगावात पहिल्याच आठवड्यात गेलो. मी पेन्सिल आणि छोटी डायरी घेऊन बसले. अंधारात लिहायची मला सवय आहे, ओळी एकमेकींवर चढतात पण वाचता येतात. एक, एस.टी.च्या पाटीवर एम.एच. अठरा, तेव्हा ही पद्धत नव्हती. दोन, गहू. तीन, कपाशी. नऊ, नायिका 'अय्या' म्हणते. आमच्या गावात अय्या कोणी म्हटल्याचं स्मरणात नाही. अहिराणी अख्ख्या सिनेमात फक्त गाडीवान बोलतो आणि तो तोंड उघडतो तेव्हा मागे विनोदी वाद्य वाजतं. बारा, नायकाच्या पत्रावर पिनकोड. हा आमच्या ह्यांनी पकडला आणि इतक्या जोरात "पिनकोड!" म्हणाले की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. सतरा, आखाजीच्या दिवशी शाळा भरलेली आहे, पोरं पाढे म्हणताहेत आणि नायक मास्तर फळ्यापाशी उभा.

सदतिसाव्या चुकीपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. मग बैलगाडी दारात आली.

नायिका झोक्यावर बसलेली. वडील मान खाली घालून उभे. ती झोक्यावरून उतरते. आता ते तीन शब्द येणार होते. ती तोंड उघडते. आणि अंगणाच्या दारातून मास्तर धावत येतो, तिचं मनगट धरतो, तिला आपल्या मागे घेतो आणि तिच्या वडिलांना म्हणतो, "ती जाणार नाही."

संगीत वाजलं. आमच्या मागे कोणी शिट्टी मारली. माझी पेन्सिल तिथेच थांबली, आणि ह्यांनी वाकून विचारलं, "अडतीस काय?" पुढचा अर्धा तास पडद्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही.

त्या रविवारी नशिराबादकडे ह्यांच्या पोस्टातल्या मित्राच्या, काशिनाथभाऊंच्या, शेतात भरीत पार्टी होती. दरवर्षी असते. कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजायची, लाकडी भांड्यात मिरचीबरोबर ठेचायची, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि कांद्याची पात. यंदा तोंडी लावायला माझी यादी होती. सगळ्यांनी सिनेमा बघितला होता. मी वाचत होते आणि वाद रंगत होता.

"पिनकोडवर मी पैज लावतो," हे म्हणाले.

"तुमची नोकरी कधीची? तुम्हाला काय माहीत तेव्हाचं?" काशिनाथभाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणाल्या.

"माझे साहेब सांगायचे ना. सुरुवातीला लोक विचारायचे, हा आकडा कशाचा, लॉटरीचा का?"

काशिनाथभाऊ वांगी उलटवता उलटवता म्हणाले, "ते जाऊ द्या. गहू बघून मी तर ओरडलोच. म्हटलं, आखाजीला गहू उभा? हा शेतकरी आहे का झोपलाय?"

"आणि सतरा नंबर बघा," हे म्हणाले. "भर मे महिन्यात शाळा! आमच्या वेळी तर शाळेच्या आवारात कुत्रंही फिरकायचं नाही सुट्टीत."

"अहो, शाळा बंद ठेवली असती तर मास्तर आपल्या गावाला गेला असता," वहिनी भाकरी मोडत म्हणाल्या. "मग हिरॉइनचा हात कोणी धरला असता? आमच्या ह्यांनी?"

सगळे हसले. काशिनाथभाऊंनी चिमटा हातात घेऊन "ती जाणार नाही!" म्हणून दाखवलं. मीही हसल्यासारखं केलं. सतरावी चूक मीच काढली होती. शाळा भरलेली, असं लिहून पुढे गेले होते. शाळेला सुट्टी असली की मास्तर गावात नसतो, हे पुढचं पाऊल वहिनींनी भाकरी मोडता मोडता टाकलं. आखाजी पौषात आणली म्हणून शाळा उघडी राहिली, शाळा उघडी म्हणून मास्तर हजर, आणि मास्तर हजर झाला म्हणून अक्काच्या तोंडून तिचं वाक्य काढून घेता आलं. गव्हापासून मनगटापर्यंत एकच चूक होती. मी तिला अडतीस वेगवेगळे नंबर देत बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी ऋतुजाला फोन केला. ती गाडीत होती.

"ताई, बघितलात? बांगड्या कसल्या परफेक्ट आल्यात!"

"तिचं वाक्य कुठे गेलं?"

तिने आधी गाडीची काच वर केली. मग म्हणाली, "निर्माते म्हणाले, हिरोला तिथे काहीतरी हवं. नाहीतर तो नुसता पुस्तकं देतो सिनेमाभर."

"तुम्ही शब्द दिला होता."

"ताई," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात खोटेपणा नव्हता, हेच मला लागलं, "तो शॉट तुमच्यासमोरच झाला ना? तुम्ही काहीच बोलला नाहीत. मला वाटलं, तुमची हरकत नाही."

मी फोन ठेवला आणि लाल वही काढली. चित्रीकरणाची वही मी लाल पुठ्ठ्याची घेतली होती. तो प्रसंग तीन दिवस, तुकड्यांनी झाला होता. मधल्या दिवशी मी फुटलेल्या बांगडीच्या जोडीची बांगडी शोधत धुळ्याच्या बाजारात फिरत होते, ती मिळालीही नव्हती. संवाद त्याच दिवशी घेतला असणार. पण तिसऱ्या दिवसाचं पान माझ्या अक्षरात होतं. "मनगट जवळून. नायकाचा डावा हात, नायिकेचं उजवं मनगट. बांगड्या पाच. घड्याळ काढायला लावलं." आणि पुढे बरोबरची खूण. पेन दाबून केलेली, मागच्या पानावर उमटलेली.

ते घड्याळ मला आठवलं. नटाच्या हातात त्याचं स्वतःचं डिजिटल घड्याळ राहिलं होतं आणि मी धावत जाऊन ते काढायला लावलं होतं. दिग्दर्शक म्हणाला होता, "ताई, वाचवलंत!" मी किती खूश झाले होते. तो हात तिथे कशाला आला आहे, हे विचारायला मला सुचलं नाही. हातात घड्याळ नको, एवढंच मी बघितलं.

गेल्या शनिवारी मी गावी गेले. यादी स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली होती, समास सोडून, क्रमांक घालून, भरीत पार्टीत इतरांनी काढलेल्या धरून एकूण त्रेसष्ट. अक्काला वाचून दाखवू, ती हसेल, मग हळूच अडतीसवर येऊ, असा माझा बेत होता. वाटेत सोनगीरचा किल्ला दिसेपर्यंत मी तो तीनदा मनात घोळवला. लाल वही पिशवीत तळाशी होती. घेतली का होती, ते माहीत नाही.

अक्का ओट्यावर उन्हात बसली होती. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, "पिच्चर देखा. बठ्ठं गाव टेम्पो करी धुळाले गयं व्हतं."

"मग?"

"पोर चांगली शे. मन्ही शाल देखायनी का तुले? एका जागे ऱ्हाई गयी तिन्हा खांदावर." तिची शाल एका दृश्यात नायिकेच्या खांद्यावर तशीच राहून गेली होती. माझ्या यादीत ती नव्हती. अक्काने चौसष्टावी चूक काढली आणि त्यावर आम्ही दोघी जरा हसलो.

मग मी यादी वाचायला घेतली. तिने गहू ऐकला, कपाशी ऐकली, प्लॅस्टिकच्या कैऱ्यांना मान हलवली. सतरा ऐकल्यावर हात वर केला.

"मास्तर तं गावमा बी नव्हतात," ती म्हणाली. "जूनमा उनात." जूनमध्ये आले. "माले पुसं, तू अजून अठेच? मी म्हनं, हो, अठेच." ती गव्हाच्या दिशेने बघत राहिली. यंदाही तिथे गहू होता. "मन्हा हात कोनी धरा नही व्हता, शोभे. कोनीच नही."

"मला माहीत आहे, अक्का. त्यांनी फसवलं आपल्याला."

तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ती लाल वही कोठे शे?"

मी घरी राहिली म्हणू शकले असते. पिशवीतून काढून दिली. तिने चष्मा लावला आणि एकेक पान उलटत गेली, सातवीच्या परीक्षेला बसलेल्या बाईसारखी, बोट ओळीखाली फिरवत. मनगटाच्या पानावर बोट थांबलं. तिने ते पूर्ण वाचलं. मग बोट पुढे सरकून खुणेवर गेलं.

"हाई खूण कोनी करी?"

"मी."

"तू व्हती तठे."

"होते."

तिने वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली आणि ती स्वच्छ यादी मागितली. त्रेसष्ट ओळींवरून तिचा हात फिरला. "हाई बठ्ठ्या त्यासन्या," ती म्हणाली. या सगळ्या त्यांच्या. "त्या खाले ऱ्हावू दे. तुन्ही वर लिख."

वर जागा नव्हती. मी 'चुकांची यादी' या मथळ्याच्याही वर, कागदाच्या अगदी कडेला, बारीक अक्षरात लिहायला लागले. मनगटाच्या पानावर बरोबरची खूण मी केली. अक्काने नवव्या दिवशी झोक्यावरून उतरून स्वतः सांगितलं होतं, माले जाणं नाही.

अक्का वाकून बघत होती. तिने माझ्या हातातल्या पेनाला बोट लावलं.

"जानं," ती म्हणाली. "नही. मी जशी बोलनू तशी लिख."

मी दोन्ही शब्द खोडले आणि पुन्हा लिहिले.